चारही निळ्या

गाडीला उचकी लागते, असं मी बायकोला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कोणीतरी आठवण काढत असेल. बहुतेक भंगारवाला."

गाडी म्हणजे माझदा मियाटा. १९९१ सालची, लाल, उघड्या टपाची, पुढचे दिवे पापण्या उघडल्यासारखे वर येणारी आणि दोनच माणसांची. आमच्या घरात माणसं तीन. "मग तिसऱ्याने काय करायचं?" हा लेकीचा प्रश्न गाडी घेतली त्या दिवसापासून अनुत्तरित आहे. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली, तेव्हा मी साताऱ्यात सायकलच्या आऱ्यांना पुठ्ठा लावून मोटारसायकलचा आवाज काढत होतो. तो आवाज डोक्यातून जायला न्यू जर्सीतली वीस वर्षं पुरली नाहीत. शेवटी पंचेचाळिशी उलटल्यावर ही घरी आणली. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, असं जपानी अभियंत्यांचं सूत्र होतं म्हणतात. इंजिनात ११६ घोडे. पैकी निम्मे चढ आला की खाली बसू लागले होते.

नेमके त्याच वेळी सासरे सहा महिन्यांसाठी आले. अण्णांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. वायर दिसली की ते ती आधी बोटांत चोळतात, मग वास घेतात आणि मग बोलतात. गाडीत बसून एक टेकडी चढल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, मिसिंग मारतेय. प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, परत लावा. माझी चेतक याच्यावर सव्वीस वर्षं चालली."

चेतकला प्लग एक. तो बाहेरच. गाडी रुसली की रस्त्याच्या कडेला प्लग पाना काढायचा, प्लग घासायचा, बॉडीला टेकवून किक मारायची आणि ठिणगी पाहून समाधानाने हात पुसायचे. माझ्या गाडीचे चार प्लग चार खोल विहिरींच्या तळाशी. वरच्या झाकणाचं गॅस्केट म्हातारं झालं की त्या विहिरींत तेल उतरतं आणि वायरींची रबरी बुडं त्यात भिजत पडतात. वायरी तिथून निघून इंजिनाच्या पाठीमागच्या कॉइलला जातात. ती कॉइल अशा फटीत बसवली आहे की पोचायला हाताला कोपराच्या पुढे आणखी एक कोपर हवं.

प्लग नवे घातले. उचकी कायम. तेव्हा मी वायरींवर संशय घेतला आणि अण्णांना रात्रीचा प्रयोग सांगितला. काळोखात बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारायचा. हात मात्र लांब ठेवायचे. इस्त्रीचा फवारा घेऊन आम्ही दोघं रात्री दहाला बाहेर उभे. अण्णा मंकी कॅपमध्ये. दोन-तीनदा फुस्स केलं आणि बघता बघता वायरींवरून निळ्या ठिणग्या झाकणावर उड्या मारायला लागल्या. वीस-पंचवीस हजार व्होल्टांना प्लगपर्यंत चालत जायचा कंटाळा आला होता. मधल्याच गल्लीतून ते घरी निघून जात होते.

"लीकेज," अण्णा मंत्र म्हटल्यासारखे म्हणाले. "इन्सुलेशन गेलंय. चला, नवी वायर आणू. उद्या काम संपलं."

इथे त्यांची चूक झाली. काम तीन आठवडे चाललं, कारण मी निवड करायला बसलो.

माझी भाबडी समजूत अशी की चांगल्या वायरीतून वीज बिनविरोध निवडून जाते. तसं नाही. प्लगच्या वायरीत विरोध मुद्दाम घालतात. साध्या वायरीच्या पोटात तांबं नसतंच. कार्बन मुरवलेला धागा असतो आणि त्याचा रोध फुटामागे काही हजार ओहम. कारण प्रत्येक ठिणगी हे एक छोटंसं आकाशवाणी केंद्र असतं. तांब्याची वायर लावली तर ठिणगी झकास पडते, पण गाडीतल्या रेडिओवर खरखर सुरू होते आणि इंजिन चालवणारा संगणकही गोंधळू शकतो. तिसरा प्रकार मधला. धाग्याभोवती केसासारखी बारीक तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. रोध कमी, आणि खरखरही दाबलेली.

मी हे अण्णांना समजावत होतो तर त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे छायागीतातले ठिपके!"

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना आठवेल. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर अर्धी चाळ बसलेली, गाणं ऐन रंगात, आणि खालून कोणाची तरी स्कूटर गेली की पडद्यावर तांदूळ सांडायचे. सगळे एकदम त्या स्कूटरवाल्याचा उद्धार करायचे.

"आमच्या गल्लीत तो मीच असायचो," अण्णा म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांना गुन्ह्याचं शास्त्रीय कारण मिळालं होतं आणि ते विलक्षण खूश होते.

मग जाडीचा प्रश्न. वायरी सात मिलिमीटरच्या, आठच्या, साडेआठच्या. जाड वायरवाले सुचवतात की गाडीचे घोडे वाढतील. खरं तर जाडी ही मुख्यतः बाहेरच्या सिलिकॉनच्या अंगरख्याची. आत माणूस तेवढाच. अण्णा तर या दाव्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "वायरीने पिकअप वाढतो? उद्या म्हणाल, जाड केबल टाकली की ट्रंक कॉलवर माणूस जास्त हुशारीने बोलतो!"

आणि रंग. काळ्या, मूळच्यासारख्या, सभ्य. लाल, गाडीला मॅचिंग. पिवळ्या, ज्यांकडे बघून लेक म्हणाली, "शाळेची बस." आणि एनजीकेच्या निळ्या. बॉनेट लावल्यावर यातलं काहीही दिसत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी जेवताना, दात घासताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये रंगांचाच विचार करत होतो. एकदा मध्यरात्री उठून लाल वायरीचा फोटो गाडीच्या फोटोशेजारी धरून पाहिला. बायकोने शांतपणे हिशोब मांडला: "तुझ्या तासाच्या पगाराने तीन आठवडे मोजले, तर या वायरींत सोन्याची तार यायला हवी."

शेवटी निळ्या मागवल्या.

बसवायच्या आधी अण्णांना वायरिंगचा नकाशा दाखवला. या इंजिनात एका कॉइलवर एक आणि चार नंबरचे प्लग, दुसरीवर दोन आणि तीन. एक आणि चारचे दट्टे बरोबरच वर येतात, बरोबरच खाली जातात. एकाच्या खोलीत पेट्रोल-हवा दाबून तयार. दुसऱ्याच्या खोलीत नुसता जळका धूर. ठिणगी मात्र दोन्हीकडे एकाच वेळी पडते. वीज एका प्लगमधून इंजिनाच्या अंगात शिरते आणि दुसऱ्यातून परत कॉइलकडे जाते.

"म्हणजे एक काम करतो आणि दुसरा नुसती हजेरी लावतो," अण्णा म्हणाले. "खातं दिसतंय."

"पण पुढच्या फेरीला उलट होतं, अण्णा. पहिला हजेरी लावतो, दुसरा काम करतो."

अण्णांनी जरा विचार केला. "हे आमच्या खात्यात नव्हतं."

सहा हजार फेऱ्यांवर इंजिन पळत असताना प्रत्येक प्लग सेकंदाला शंभर ठिणग्या टाकतो, त्यातल्या पन्नास वाया, हे ऐकल्यावर मात्र ते अस्वस्थ झाले. रिकाम्या खोलीतला पंखा चालू राहिला तरी त्यांना झोप लागत नाही.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. शहाणा माणूस एक वायर काढतो, तिच्या जागी नवी लावतो आणि मग दुसरीला हात घालतो. अण्णा तेच सांगत होते. वर प्रत्येक जुन्या वायरीला दोरा बांधू म्हणत होते, एक नंबरला एक गाठ, दोनला दोन. मी म्हटलं, "अण्णा, चार तर वायरी आहेत," आणि चारही एकदम उपटल्या. मग चहा आला. चहाबरोबर पोहे आले. परत आलो तोवर माझ्या डोक्यातला नकाशा पुसला गेला होता. एक नंबरची सर्वांत लांब, ती कळली. तीन आणि चार मात्र सख्ख्या बहिणींसारख्या, थोड्याच फरकाच्या.

चावी फिरवली. इंजिन थरथरलं, शिंकलं आणि मागच्या नळकांड्यातून असा बार निघाला की समोरच्या घराचा पडदा सरकला. एक कुत्रा भुंकायला लागला, तो दुपारपर्यंत थांबला नाही. अण्णा जागचे हलले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "क्रॉस कनेक्शन."

मग वाकून त्यांनी चारही वायरी पाहिल्या, बोटांत चोळल्या, वास घेतला. "जावईबापू, आमच्या केबलमध्ये शेकडो जोड्या असायच्या. अंधारात, खड्ड्यात, पावसात जोडायचो. का चुकत नव्हतो? प्रत्येक जोडीचा रंग वेगळा. रंग असतो तो त्याच्यासाठी." ते थांबले. "तुम्ही तीन आठवडे रंग निवडलात आणि चारही निळ्या आणल्यात?"

मी तीन आणि चारची अदलाबदल केली. इंजिन असं चालायला लागलं की हात ठेवल्याशिवाय चालू आहे हे कळू नये. टप उघडून अण्णांना घेऊन निघालो. बायको आणि लेक दारात उभ्या राहून हात हलवत होत्या, लेकीचा जरा कमीच हलत होता. टेकडी आली, गेली. उचकी नाही. अण्णांनी रेडिओ लावला, कान जवळ नेऊन दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा बराच वेळ ऐकली आणि मान डोलावली.

जाताना त्यांच्या बॅगेत बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि माझ्या जुन्या वायरी होत्या. मीटर लावून त्यांनी ठरवलं होतं की चारातल्या दोन ठणठणीत आहेत आणि टाकून देणं हे पाप आहे.

महिन्याभराने चिंचवडहून व्हिडिओ कॉल आला. मागे सोसायटीचं पार्किंग, चेतकवरची चादर बाजूला सारलेली, सासूबाई लांब उभ्या, तोंडाला पदर लावून. मियाटाची वायर चेतकला कशी बसवली, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. अण्णांनी किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. निळा धूर बाजूला करत ते कॅमेऱ्याजवळ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"जावईबापू, हसू नका. पण पिकअप वाढलाय."