खांदेरी, उंदेरी आणि माझी दाढ

मनुष्याच्या देहात इतके अवयव असता केवळ दातांच्याच बाबतीत शेजारधर्म एवढा उफाळून का येतो, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. हाड मोडले तर अलिबाग गाठावे लागते, हे आमच्या किहीमात सर्वमान्य आहे. परंतु दाढ म्हटली की नारळ पाडणाऱ्या गड्यापासून शनिवार-रविवारी मुंबईहून हवा खायला येणाऱ्या बंगलेवाल्यांपर्यंत जो तो आपापल्या अनुभवाची सनद घेऊन रुजू होतो. त्यातून माझी दाढ काढून तिच्या रिक्त जागी टायटॅनियमचा स्क्रू हाडात रोवल्याचा बोभाटा झाला, तेव्हा तर आमच्या ओटीला मामलेदार कचेरीचेच स्वरूप आले.

हाडात धातू रुजतो, हे ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाच्या ध्यानात आले ते सशामुळे. सशाच्या हाडात निरीक्षणासाठी बसवलेले टायटॅनियमचे नळकांडे काम आटोपल्यावर तो काढू लागला, तर हाड ते सोडीना. पुढे १९६५ साली त्याने पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे कृत्रिम दंतमूळ बसवले. हाड आणि धातू यांच्यातील हा तह पक्का होण्यास खालच्या जबड्यात तीन व वरच्या जबड्यात सहा महिन्यांची मुदत द्यावी, अशी जुनी वहिवाट आहे. आणि आरंभीच्या नाजूक काळात जंतूंनी दंगा करू नये, म्हणून अँटिबायोटिकचा बंदोबस्त.

आमच्या किनाऱ्यावरून थळच्या बाजूस खांदेरी आणि उंदेरी ही बेटे दिसतात. १६७९ साली मायनाक भंडारी यांनी शिवछत्रपतींच्या हुकुमाने खांदेरीवर बांधकामास हात घातला तो इंग्रज आणि सिद्दी यांच्या डोळ्यांदेखत; आणि तेथे पहिला दगड पडण्यापूर्वीच संरक्षणाची तजवीज हवी होती, हे कोणासही पटेल. माझ्या दंतवैद्यांनीही जबड्यास हात लावण्याच्या तासभर आधी दोन ग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन माझ्याकडून गिळवून घेतले. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्याचा हिशेब असा, की पंचवीस जणांना अशी पूर्वमात्रा दिली असता एकाचे दंतरोपण निकामी होण्यापासून वाचते. नंतर दिवसेंदिवस गोळ्या चालू ठेवल्याने अधिक काही पदरात पडते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. तथापि माझ्या रक्तातील साखरेचा पूर्वेतिहास पाहून त्यांनी थोड्या मुदतीच्या गोळ्या लिहून दिल्याच, आणि त्यांच्या जोडीस मेट्रोनिडाझोल तैनात केले. खरे काम करणाऱ्या त्या पूर्वमात्रेची गावात कोणी विचारपूससुद्धा केली नाही. भक्तिभाव सगळा नंतरच्या गोळ्यांच्या वाट्याला गेला.

मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते. मी हे बोलून गेलो मात्र, शेजारच्या वहिनींनी तत्काळ निदान केले, "गंजतोय तो, भाऊजी! आमच्या खिडकीचे गज या खाऱ्या हवेत टिकत नाहीत, तिथं तुमचा स्क्रू कुठला टिकायला!" टायटॅनियम गंजत नाही, हे मी सांगितले; त्यावर त्यांनी मांडव्याच्या धक्क्यावरील लोखंडाचा दाखला दिला. या गोळ्यांवर मद्य वर्ज्य, अशी दंतवैद्यांची ताकीद असल्याने ताज्या माडीचा नजराणा घेऊन आलेल्या स्नेह्यालाही विन्मुख पाठवावे लागले; तो अजून माझ्याशी सरळ बोलत नाही.

वहिनींचे खरे वैभव म्हणजे त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. घरोघरच्या आजारपणांतून उरलेल्या गोळ्या त्यात जमा असतात: कात्रीने कापलेले पट्ट्यांचे तुकडे, मुदतीची तारीख नेमकी कापलेल्या बाजूस गेलेली, एकावर नुसते 'सिलिन' एवढेच शिल्लक. वर्गवारी रंगावरून, पिवळी कफाला, गुलाबी हगवणीला. चिठ्ठीवाचून अँटिबायोटिक घेऊ नये म्हणून सरकारने २०१६ पासून ज्या तांबड्या रेघेची दवंडी पिटली, ती रेघ काही तुकड्यांवर ठसठशीत आहे. वहिनींच्या मते ती असली की माल अस्सल. १९५५ च्या सुमारास पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांना त्या सुईचा केवढा दरारा वाटे! त्याच कुळातील औषध आज डब्यात बडीशेपेच्या पुडीशेजारी लोळते आहे.

वहिनींना मी उंदेरीची कथा सांगून पाहिली. सगळ्यांचे लक्ष खांदेरीवर खिळलेले असता १६८० च्या आरंभी सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तटबंदी केली, आणि तेथून तो खांदेरीवर तोफा डागू लागला. अँटिबायोटिकचेही तसेच: सर्दीसारख्या विषाणूच्या दुखण्यावर ही गोळी घ्यावी, तर सर्दीचा केसही वाकडा होत नाही. मात्र आतड्यात निरुपद्रवी राहणाऱ्या जंतूंतून जे गोळीला पुरून उरतात, ते स्वस्थपणे आपली उंदेरी बांधून घेतात. वहिनींनी सारे लक्षपूर्वक ऐकले आणि सिद्दीला कोणती गोळी लागू पडली असती, ते विचारले.

माझी मुदत संपल्याची वार्ता लागताच त्या डबा उघडूनच ओटीवर आल्या. "उरल्यात त्या ह्यात टाका, भाऊजी. पावसाळ्यात उपयोगी पडतील." मी रिकामी पट्टी पुढे केली. त्यांनी ती उजेडाकडे धरून एकेक फाटका पापुद्रा तपासला.

"सगळ्या खाल्ल्यात?"

"लिहून दिल्या होत्या तेवढ्या."

"एक सुद्धा ठेवली नाहीत?" त्यांनी डब्याचे झाकण लावले. "आळीत एवढी पोरंबाळं, म्हातारी माणसं. माणसानं आपल्यापुरतंच बघावं म्हणजे काय!"