गोणीभर ॲव्हरेज

आमच्या करमाड गावात कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न बाहेर येतो, "किती देती?" मालक सांगतो, "वीस." खरं ॲव्हरेज सोळा असतं. पण गाडीचं ॲव्हरेज आणि कपाशीचा उतारा हे दोन आकडे माणूस पाहून सांगायचे असतात. उतारा चहाच्या टपरीवर वाढतो आणि पंचनाम्याला घटतो. ॲव्हरेज शेजाऱ्यासमोर वाढतं आणि गॅरेजवाल्यासमोर घटतं.

गाडीचं वजन किती, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. बैल घेताना तोंड उघडून दात मोजणारी माणसं आम्ही. बारा लाखांच्या गाडीला फक्त रंग विचारतो.

हा विषय निघाला युरियामुळे. आमच्या डिकीत तीन आठवड्यांपासून युरियाची एक गोणी पडून आहे. आणली त्या दिवशी पाऊस लागला, मग घरात ठेवायला जागा नव्हती, मग कंटाळा आला. शेवटी चिरंजीव म्हणाले, "पप्पा, ती गोणी काढा, ॲव्हरेज वाढेल." पोरगं इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे गोणी स्वतः काढण्याऐवजी त्यानं हिशेब काढून दाखवला. अमेरिकन सरकारचं ऊर्जा खातं सांगतं की गाडीत शंभर पौंड वजन जास्त असेल तर ॲव्हरेज साधारण एक टक्क्याने पडतं. शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो. अमेरिकेला कल्पना नसेल, पण हे बरोबर आमच्या युरियाच्या गोणीचं वजन आहे. पूर्वी ती ५० किलोची यायची, २०१८ पासून सरकारने ४५ ची केली. देशात वजन कमी करण्याची एवढी एकच मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली, आणि तीही शेतकऱ्याच्या गोणीवर.

तर एक गोणी, एक टक्का. करमाड ते संभाजीनगर चोवीस किलोमीटर धरा आणि ॲव्हरेज अठरा (शेजारी कुणी नाही, म्हणून खरं सांगतो). पेट्रोल लागतं सव्वा लिटरच्या थोडं वर. त्याचा एक टक्का म्हणजे तेरा मिलीलिटर, दीड रुपयाच्या आतलं काम. एवढ्यासाठी गोणी पाठीवर घेतली आणि कंबरेत उसण भरली, तर डॉक्टरच्या फीमध्ये ती गोणी पाच वर्षं फिरवता येईल. मी गोणी तिथेच ठेवली.

पण आकडा डोक्यात राहिला. आजोबांची बैलगाडी होती. ओढ्याचा चढ लागला की आजोबा स्वतः खाली उतरायचे, आम्हा पोरांनाही उतरवायचे आणि गाडीशेजारून चालायला लावायचे. तेवढ्याने तीन-चार गोण्यांचं ओझं कमी व्हायचं. हे त्यांना कुठल्या ऊर्जा खात्याने शिकवलं नव्हतं. बैलाची जीभ बाहेर आलेली दिसायची, तोंडाला फेस दिसायचा, त्यावरून वजन कळायचं. पेट्रोलच्या टाकीला जीभ नसते.

गॅरेजवाल्याला विचारलं, तर त्याने आधी टपावर बोट दाखवलं. दिवाळीत गावाला जाताना लावलेलं कॅरिअर अजून तिथेच होतं, रिकामं. त्याचं म्हणणं असं की मोकळ्या रस्त्यावर एकदा वेग धरला की गाडीचं खरं भांडण वाऱ्याशी असतं. समृद्धी महामार्गावर १२० ने निघालेल्या गाडीला डिकीतल्या गोणीपेक्षा टपावरचा रिकामा सांगाडा महाग पडतो. वजनाचं बिल फाटतं शहरात. चिकलठाणा ओलांडला की जालना रोडवर सिग्नल, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. दर वेळी सगळं लोखंड जागेवरून नव्याने ढकलायचं, आणि दर ब्रेकला ती सगळी मेहनत चाकाशी गरम होऊन वाऱ्यावर जाते. गाडी जितकी जड तितकी मेहनत मोठी. मग त्याने टायरला बूट मारून पाहिला आणि म्हणाला, "आधी हवा भरा साहेब, वजनाचं नंतर बोलू."

गोणी-दोन गोण्यांची गोष्ट सोडा. त्याच ऊर्जा खात्याचा दुसरा आकडा मोठा आहे. गाडीचं वजन दहा टक्क्यांनी उतरवलं तर इंधनात सहा ते आठ टक्के सुटतात. डिकी झाडून दहा टक्के निघत नाहीत. त्यासाठी मुळात गाडीच हलकी बांधावी लागते. आणि अशी गाडी बांधून झालेली आहे, तीही आमच्याच जिल्ह्यात, शहराच्या पलीकडच्या अंगाला, वाळूजला. बजाजने जानेवारी २०१२ मध्ये आरई-६० दाखवली, तीच पुढे 'क्यूट' झाली. वजन सुमारे चारशे किलो. युरियाच्या नऊ गोण्या एकावर एक रचल्या की झाली गाडी. इंजिन २१६ सीसीचं, वेग तासाला सत्तर, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे लिटरला ३५ किलोमीटर. "किती देती?" या प्रश्नाला इतकं दणदणीत उत्तर दुसऱ्या कुठल्या चारचाकीने दिलेलं मी ऐकलं नाही.

पुढे काय झालं ते बघा. हिला कार म्हणायचं की रिक्षा म्हणायचं, यावर देशाची वर्षं गेली. प्रकरण कोर्टात गेलं. सरकारने शेवटी 'क्वाड्रिसायकल' नावाचा नवा रकाना काढला. वाळूजची गाडी परदेशात आधी फिरली आणि घरी २०१९ च्या एप्रिलमध्ये आली, पेट्रोलवाल्या गाडीची किंमत २ लाख ४८ हजार. ती आली आणि आम्ही सगळ्यांनी एकदिलाने तिच्याकडे पाठ फिरवली. करमाडच्या रस्त्यावर मला ती एकदाही दिसलेली नाही. नवरदेव क्यूटमधून उतरला असता तर बँडवाल्यांनी पुढच्या गाडीची वाट पाहत तसंच वाजवत ठेवलं असतं.

बिचारीत खोट नव्हती असं नाही. युरोपातल्या अपघात-चाचणीत २०१६ मध्ये तिला पाचपैकी एकच तारा मिळाला. तेव्हा "पत्र्याचा डबा आहे" हे लोकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण सुरक्षेच्या काळजीने जड गाडी घेतली म्हणणारा गृहस्थ सीटबेल्टचा पट्टा मागून फिरवून नुसता खटक्यात अडकवतो, तेव्हा ही काळजी नक्की कशाची, ते कळत नाही.

आता करमाडच्या शेजारी या. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना, तिथेच ऑडीच्याही गाड्या जुळवल्या जातात. ऑडीची क्यू-सेव्हन २०१५ मध्ये नव्याने आली, तेव्हा जर्मनांनी ॲल्युमिनियम वगैरे वापरून तिचं वजन ३२५ किलोपर्यंत घटवलं होतं. आमच्या मापात सात गोण्या आणि वर एक घमेलं! ऐकून ऊर भरून येतो. मग विचारावं, उरलं किती? दोन टनांच्या आसपास. म्हणजे वाळूजच्या चार-पाच क्यूट तिच्या पोटात मावतील. वर आत बसणार एकटे साहेब, आणि फार तर त्यांचा लॅपटॉप.

या शहराला वजनाचं वेडच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशा मंडळींनी गट करून एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांनी बातमी छापली. एकेक गाडी दीड टनाची धरली तरी शहराचं वजन एका फटक्यात सव्वादोनशे टनांनी वाढलं. दीडशे जणांनी मिळून दीड टन वजन कमी केलं असतं, तर तालुक्याच्या पानावर चार ओळी आल्या असत्या.

गावाकडे हेच वेगळ्या रंगात. औद्योगिक पट्ट्यासाठी करमाड-लाडगावच्या जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि त्यातला बराचसा पांढऱ्या स्कॉर्पिओच्या रूपाने दारात उभा राहिला. चाळीस क्विंटल कापूस देणारं रान गेलं आणि अठरा क्विंटलची गाडी आली. पुढे लोखंडी गार्ड बसवलं, ज्याविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. मागे गाणी वाजवायचा मोठा डबा. नंबर ४१४१, म्हणजे वाचताना 'दादा'. या सगळ्यात फक्त दादाचं वजन शून्य ग्रॅम, तेवढीच काय ती काटकसर.

सरकारही याच मताचं दिसतं. गाड्यांच्या इंधनाचे जे नियम कंपन्यांना लागू आहेत, त्यांत २०२२-२३ पासून सरासरी १,०८२ किलोची गाडी धरून किलोमीटरमागे ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आहे. पण कंपनीच्या गाड्यांची सरासरी जड असेल तर तिची मर्यादा त्या मानाने सैल, हलकी असेल तर आवळलेली. म्हणजे वजन उतरवणाऱ्याला बक्षीस म्हणून कडक नियम. २०२५ च्या नव्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या छोट्या गाड्यांना सवलत सुचवली, तर मोटार कंपन्यांमध्येच जुंपली. मला या नियमाचं अजिबात नवल वाटलं नाही. वजन ठेवलं की नियम सैल होतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही टेबलावर फाइल घेऊन गेलेल्या माणसाला पाठ आहे.

आणि गाड्यांचं हे जड होणं थांबणारं नाही, कारण रस्त्यावर वजन वजनाला ओढतं. समोरून दोन टनांचं धूड येताना दिसलं की सातशे किलोच्या गाडीतला माणूस आपोआप डाव्या हाताला सरकतो. टक्कर झालीच तर हलक्याचं जास्त जातं, हे त्याला कळतं. मग पुढच्या दसऱ्याला तोही जड घेतो. त्याला पाहून तिसरा घेतो. सगळे जड झाले की कुणीच सुरक्षित होत नाही, फक्त पेट्रोल पंपाच्या रांगेत सगळ्यांची गाठ पडते. तिथे पुन्हा विषय ॲव्हरेजचाच.

असो. वजनदार मंडळींना सांगण्याएवढं आपलं वजन नाही. ज्यांची गाडी आधीच घेऊन झाली आहे, त्यांनी एवढं करा. टायरमध्ये हवा भरा, टपावरचं कॅरिअर काढून ठेवा, समोरचं गार्ड भंगारात घाला. आणि डिकीत युरियाची गोणी असेल तर आजच उतरवा. ॲव्हरेजचं राहू द्या, कपाशीला दुसरा हप्ता द्यायची वेळ झाली आहे.