अपात्र घाण

माती आणि भूजल बिघडलेल्या जागा शोधायच्या, तपासायच्या आणि साफ करायच्या, असे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये निघाले. उशिरा का होईना, निघाले. कणकवलीत बसून मी ते मोठ्या आशेनं वाचायला घेतले आणि 'लागू नाही' या परिच्छेदापाशी अडकलो. चार प्रकारच्या घाणीला हे नियम लागू नाहीत. किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातलं तेल आणि डेपोत टाकलेला घनकचरा. त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत म्हणे.

आता सिंधुदुर्गाचा नकाशा पुढ्यात घ्या. दक्षिणेला रेडी, कळणे इथल्या खाणी. कळण्यात जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून लाल चिखल घरांत आणि भातशेतीत घुसला होता. खाणकाम, वगळा. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात, तळपायाला चिकटले की रॉकेलशिवाय सुटत नाहीत. समुद्रातलं तेल, वगळा. शहराबाहेर पेटत, धुमसत पडलेले कचऱ्याचे ढीग. वगळा. राहता राहिला किरणोत्सर्ग. तो आमच्याकडे नाही, पण उद्या कोणी आणलाच तर त्याचीही आगाऊ सोय झालेली आहे. म्हणजे आमच्याकडे घाण आहे, पण एकही पात्र नाही. रेशनकार्डापासून घरकुलापर्यंत सगळीकडे अपात्र ठरण्याची आम्हाला सवय आहे. आता आमची घाणसुद्धा त्या रांगेत उभी राहिली.

खचून जाऊ नका. खाली एक फट ठेवलेली आहे आणि ती मी तीनतीनदा वाचली. या वगळलेल्या घाणीत नियमांच्या यादीतलं एखादं रसायन मिसळलेलं असेल, आणि त्या रसायनाचं प्रमाण ठरवून दिलेल्या पातळीच्या वर गेलं असेल, तर मात्र ती जागा नियमांखाली येते. म्हणजे नुसता कचरा असून भागत नाही, कचऱ्याला शिफारसपत्र लागतं.

तेव्हा उपाय सोपा आहे. प्रत्येक वाडीनं वर्गणी काढावी. घरटी शंभर रुपये, चाकरमान्यांनी पाचशे, कारण गणपतीला येऊन पाणी तेही पितात. त्यातून एक ड्रम रसायन आणावं, चांगलं, यादीतलं, पावतीसकट. अमावास्या टाळून डेपोवर न्यावं. मानकऱ्यांनी नारळ ठेवावा आणि गाऱ्हाणं घालावं: 'बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां ह्या कचऱ्याच्या ढिगाऱ्याकडे येकवटान इली हत. आमचो कचरो गरीब आसा, तो नियमात बसणा नाय. त्येका पातळीच्या वर ने रे म्हाराजा!' 'व्हय म्हाराजा!' 'कोणाची वाकडी नजर पडान प्रमाण खाली इला आसात, तर ता वर चढव रे म्हाराजा!' 'व्हय म्हाराजा!' 'आणि तपासणीक येणाऱ्या सायबाची गाडी हायवेच्या खड्ड्यात न अडकता हयसर पोचव रे म्हाराजा!' इथे मात्र 'व्हय म्हाराजा' जरा दबक्या आवाजात येईल, कारण काही गोष्टी देवाच्याही हातात नसतात. मग ड्रम ओतावा. वाडी विषारी होईल, पण रीतसर होईल. पोरांच्या पोटात शिसं जाईल, पण त्याला जावक क्रमांक असेल.

आणि नियमात बसल्यावर काय होतं? प्राथमिक तपासणीला नव्वद दिवस. सविस्तर तपासणीला आणखी नव्वद. जबाबदार कोण, हे शोधायलाही मुदत आहे. फक्त जागा साफ होऊन पुन्हा सुरक्षित कधी व्हायची, याला मुदत नाही. हे नियम आले तेव्हा देशभरात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि साफसफाईचं काम सुरू झालं होतं फक्त सात ठिकाणी. उरलेल्या जागांवर निरीक्षण चालू असणार. निरीक्षण हे असं एकमेव काम आहे, जे कधीच अपुरं राहत नाही आणि कधी पुरंही होत नाही.

पण मला खरा राग येतो तो बावीचं पाणी तपासायला नेणाऱ्या नमुन्याच्या बाटलीचा. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. त्याच्यावर कचरा टाकला आणि वर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, की ढिगातलं काळं पाणी सरळ खाली उतरतं, चिकणमातीचा थर लागला की आडवं सरकतं आणि खालच्या वाडीच्या बावीत नाहीतर व्हाळात निघतं. व्हाळातून गड नदी, गड नदीतून कालावलची खाडी. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. जूनच्या पहिल्या सरींत वर्षभराची घाण वाहते, तेव्हा बाटली घेऊन कोणी येत नाही, रस्ता खराब असतो. मे महिन्यात बावीत कळशीभर गढूळ पाणी उरतं, तेव्हाही नाही, उन्हाळी सुट्टी असते. बाटली येते ऑक्टोबरात, बाव काठोकाठ भरलेली, बरंचसं विष खाडीला पोचलेलं. शिसं लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या आत. पाणी पिण्यास योग्य. सही, शिक्का.

बावीवरच्या बाईला तुमची पातळी नको असते. ती एवढंच विचारते, 'ह्या पाणी पिवचा काय नाय, ता सांगा.' या प्रश्नाला 'नमुना पाठवलाय' हे उत्तर नव्हे, आणि 'अहवाल कार्यालयात पाहायला मिळेल' हे तर उर्मट उत्तर आहे. कार्यालयात जायला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते आणि अहवाल इंग्रजीत असतो. जून आणि मे, दोन बाटल्या जास्त भरा. आकडा तेलरंगानं मराठीत बावीच्या कठड्यावर लिहा, शेजारी तारीख टाका. डेपोला नियम लागू असोत वा नसोत, रंगाचा डबा कोणत्याच नियमानं वगळलेला नाही. मी शोधून पाहिलं.