टायरमामा

परभणीपासून १९९९ साली फारकत घेतलेल्या आमच्या हिंगोली जिल्ह्यात तालुके पाच आहेत हे सरकारी दप्तरात नमूद आहे. परंतु टायरमामा किती आहेत याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, कारण हा गृहस्थ फाट्याफाट्यावर, पंक्चरच्या दुकानापुढील बाकड्यावर, दुकानाचा मालक नव्हे, नोकर नव्हे आणि गिऱ्हाईक तर मुळीच नव्हे, अशा त्रिशंकू अवस्थेत आढळतो, आणि दुकानदार त्याला दिवसातून चार वेळा चहा पाजतो तो आदरापोटी की भयापोटी, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही. पूर्वायुष्यात तो ट्रकवर क्लीनर असतो, पुढे ड्रायव्हर होतो, आणि गुडघे कुरकुरू लागले की ज्ञानी होतो.

सुस्थितीत धावणाऱ्या टायरात त्याला यत्किंचितही स्वारस्य नसते. टायर फुटावे लागते. गेल्या चैत्रात हिंगोलीच्या हळद मार्केटात बिटाच्या वेळेपूर्वी पोचण्याच्या घाईत असलेली माझ्या पुतण्याची ट्रॉली औंढ्याच्या अलीकडे दोन प्रहरी तोफेसारखा आवाज करून उजव्या अंगावर कलली, एक पोते उसवून हळकुंडे डांबरावर विखुरली, आणि तेव्हा या विद्वानाचे दर्शन मला अगदी निकटून घडले. स्टेपनी अर्थातच घरी होती. (वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जादा चाके करून विकणाऱ्यांनी त्या रस्त्याचेच नाव चाकाला दिले, तो शब्द सातासमुद्रांपलीकडून आमच्या गोठ्यापर्यंत आला, पण गोठ्यातून ट्रॉलीपर्यंत काही आला नाही.) सबब फुटलेले टायर मोटारसायकलवर आडवे घालून आम्ही फाट्यावर नेले.

मामांनी चहाची बशी खाली ठेविली. टायराभोवती एक प्रदक्षिणा घातली, उकिडवे बसून अंगठ्याने कुशीवरील धूळ पुसली, आणि मग आत हात घालून मूठभर काळा भुसा बाहेर काढून तो माझ्या तळहातावर, देवळात अंगारा द्यावा तसा, ठेविला.

"गुरुजी, हे टायर आज फुटलं न्हाई. हे पंधरा दिसांपून मरायलतं. आज जीव सोडला."

तो भुसा रबराचा होता. पुढील जाबजबाबात पुतण्याने कबूल केले की, उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून आपण दहा पौंड कमीच ठेवली होती. मामांनी डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी जे निरूपण केले ते, भाषेतील काही अनुच्चारणीय विशेषणे वगळता, सर्वथैव शास्त्रशुद्ध होते, हे मला मान्य केलेच पाहिजे: ओझे टायर वाहत नाही, टायरात कोंडलेली हवा वाहते, हवा कमी पडली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला कूस घडी घालते नि उलगडते, त्या मळणीने टायर उन्हापेक्षाही आतून अधिक तापते, थर एकमेकांना सोडू लागतात, रबर झिजून भुसा होते, आणि मग एखादा क्षुल्लक दगड निमित्तमात्र होतो. म्हणजे टायर थंड राहावे म्हणून केलेल्या उपायानेच ते भाजून निघाले होते.

"पण मामा," मी म्हणालो, "ही ट्रॉली पंधरा दिवस तुमच्याच समोरून जात होती ना?"

"जायलती की."

"मग तेव्हाच का नाही सांगितले?"

"इचारलं कोन?"

नवे टायर निवडण्याच्या प्रकरणी मामा अधिकच कठोर झाले. दुकानदाराने प्रथम एक रबर चढवलेले जुने टायर मोठ्या लाघवाने पुढे केले. मामांनी त्यावरचे चार आकडे वाचून, हे २०१३ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात जन्मले असल्याचे जाहीर केले, आणि ते मागे गेले. मग आलेल्या जाड गोट्यांच्या टायरावर त्यांचा आक्षेप असा की, चिखलात पकड घेण्याचे काम ट्रॅक्टरच्या मागील चाकांचे. ट्रॉली बापडी नुसती ओढली जाते, तिला हलके लोळणारी उभ्या रेघांची नक्षीच योग्य. एक नवे आणि एक झिजलेले असा जोड लावण्याचा माझा काटकसरीचा प्रस्ताव त्यांनी ऐकूनच घेतला नाही. ओझ्याचा आकडा पाहिल्यावाचून टायर घेणारा मनुष्य त्यांच्या मते गोत्र न पाहता सोयरीक करणाऱ्याच्या तोडीचा; आणि तो आकडा वाचावा कसा हे दाखविण्यासाठी त्यांनी भिंतीशी टेकलेल्या ट्रकच्या टायरावर १४६/१४३ असे बोट ठेवून खुलासा केला की, हे टायर एकटे असता ३००० किलो पेलते, परंतु मागील धुरीवर जोडीने बसविले की प्रत्येकी २७२५ च. संसार मांडला की एकेकाचे बळ घटते, हा सिद्धांत त्यांनी घरी कितपत अनुभविला होता हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

अखेर एकाच मापाची, एकाच आठवड्यात जन्मलेली, पुरेशा ओझ्याची दोन कोरी टायरे घेतली. रक्कम सांगत नाही. त्या फेरीची हळद किती पोती आणि त्यांतली टायरांची किती, हा हिशेब पुतण्याने मनातल्या मनात केला, एवढे त्याच्या मुद्रेवरून दिसले. जुनी दोन्ही मामांनी मुद्देमाल म्हणून मागून घेतली. त्यांच्या अंगणात अशी बरीच आहेत म्हणतात. एकात तुळस, एकात शेळीचे पाणी, आणि प्रत्येकाच्या मृत्यूचे कारण त्यांना मुखोद्गत.

दुसऱ्या दिवशी रिकामी ट्रॉली परत येताना आम्ही मुद्दाम फाट्यावर थांबलो. मामा काठी टेकीत आले, उजव्या टायरावर लोखंडी सळईने दोनदा वाजवून पाहिले, आवाज खणखणीत आला. डाव्यावर वाजविले, तोही तसाच. त्यांचा चेहरा उतरला. हवेचा काटा लावला, हवा बरोबर होती. कुशीवर फुगा नाही, चीर नाही, भुसा असण्याचा तर प्रश्नच नाही.

"चांगलं हाय," ते खिन्नपणे म्हणाले, आणि बाकड्याकडे वळले. पण दोन पावलांवर थबकून त्यांनी ट्रॅक्टरच्या पुढील डाव्या चाकाकडे पाहिले, चष्मा नाकावर चढविला, आणि मग दुकानातल्या पोऱ्याला मोठ्याने हाक मारून आणखी एक चहा सांगितला.