हप्ता सुरू होण्यापूर्वी

बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याचा बीकॉम झालेला मुलगा सध्या मोकळा आहे. त्याला बेकार म्हणू नका. मोबाइलमध्ये हैदराबादच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आहे, फक्त रुजू व्हायची तारीख पुढे सरकते आहे. शिवाय बेकार ठरणंही सोपं नाही. कर्नाटक सरकारच्या युवानिधी योजनेत पदवीधराला महिना ३००० रुपये मिळतात, पण पास झाल्यावर १८० दिवस नोकरीविना काढले तरच. वर पुढे शिकत नसल्याचंही लिहून द्यायचं. सहा महिने काहीच न करण्याची ही उमेदवारी, तीही बिनपगारी! दोन वर्षांचे ७२,००० होतात, हे मात्र पोराने एक्सेलमध्ये काढून ठेवलं आहे. पदवीचा पहिला उपयोग.

शहरातले जाणकार सांगतात, या सुट्टीत बाजाराची पुस्तकं वाचा, सहल करा, ओळखी वाढवा. सहल हुमनाबादच्या माणिकनगरपर्यंत होते. ओळखी मात्र आमच्याकडे वाढवायच्या नसतात, चुकवायच्या असतात.

त्यापेक्षा आडत्याच्या गादीवर जाऊन बसावं. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८००० रुपये आहे. काकाच्या पट्टीवर शेवटी काय उरतं ते पाहावं. हमाली जाते, तोलाई जाते, पेरणीला घेतलेली उचल शेकडा दोनने वळती होते. शेकडा दोन म्हणजे महिन्याला, वर्षाचे चोवीस. आईला हे कुणी शिकवावं लागलं नाही. बीदरच्या जिल्हा सहकारी बँकेने बचत गट उभे केले तेव्हापासून गटाचं रजिस्टर तिच्याकडे आहे, आणि तिचा हिशेब जुळतो. पोराचा ताळेबंद तिसऱ्या वर्षालाही जुळत नव्हता.

ग्रामीण बँकेची परीक्षा द्यायची तर आधी नाव पाठ करावं. कृष्णा ग्रामीण होती, २०१३ ला प्रगती कृष्णा झाली, २०१९ ला कर्नाटक ग्रामीण, २०२५ ला आणखी एक विलीनीकरण. बँक इतक्यांदा बदलली, वडिलांचं कर्ज मात्र इमानाने तेच राहिलं.

पण खरा अभ्यास गल्लीतल्या मावश्यांचा. हैदराबादची तारीख आलीच नाही, तर वित्तक्षेत्रातली सर्वांत जवळची नोकरी मायक्रोफायनान्सच्या वसुलीची. २०२५ साली राज्याने वसुलीतल्या दांडगाईविरुद्ध कायदा केला, त्यामुळे आता आवाज चढवायचा नाही. "मावशी, तेवढा हप्ता" एवढंच, तेही मऊ आवाजात. त्याचा सराव आत्ताच करावा. चहाला नाही म्हणू नये, कारण वसुलीची बॅग खांद्यावर आली की तो मिळणार नाही. आणि मावशीच्या नातवाशी जरा गट्टी जमवून ठेवावी. आजी घरात आहे की शेतात, हे पुढे तोच सांगणार आहे.