पाच फूट पाण्याचे दप्तर

महसूल खात्यात पस्तीस वर्षे लेखणी झिजवून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माणसाचा पाण्याशी संबंध दोनच प्रसंगी आलेला असतो : ते पडले नाही म्हणजे पैसेवारी काढण्यासाठी, आणि ते नको तितके पडले म्हणजे पंचनामे करण्यासाठी. पाण्यावर स्वखुशीने, पदरचे पैसे खर्चून, सहकुटुंब जाऊन राहायचे असते ही कल्पना आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात गेल्या तीन पिढ्यांत कोणाला शिवलेली नव्हती. त्यामुळे इंग्लंडात नॉरिच शहरी स्थायिक झालेल्या आमच्या चिरंजीवांनी, "बाबा, जूनमध्ये तुम्ही आलात की आपण ब्रॉड्सवर चार दिवस मोटरबोट भाड्याने घेऊ, बापूमामालाही आणा," असे फोनवर जाहीर केले, तेव्हा मी "विचार करून कळवतो" असे उत्तर दिले. सरकारी परिभाषेत हा नकाराचा सौम्य प्रकार होय. परंतु पलीकडे फोन धरून उभ्या असलेल्या आमच्या नातवाला ती परिभाषा अवगत नसल्याने, प्रकरण मंजूर झाल्याचे त्याने दुसऱ्याच दिवशी शाळेत सांगून टाकले.

मंजूर प्रकरणाचे दप्तर उघडावे लागते. मी माळ्यावरून जुना लाल रुमाल काढला, झटकला, आणि त्यात पहिला कागद ठेवला तो जागेच्या पूर्वेतिहासाचा. कारण कोणतीही जागा चार दिवसांकरिता का होईना ताब्यात घ्यायची, तर तिचे फेरफार आधी पाहून घ्यावेत असा आमचा शिरस्ता. आणि काय सांगावे, अशी फेरफाराची नोंद मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. नॉर्फोक आणि सफोक या परगण्यांत साठाहून अधिक उथळ तळी पसरलेली आहेत, तीच ही ब्रॉड्स. ब्यूर, अँट, थर्न, येअर, वेव्हनी अशा नद्यांनी ती माळेसारखी ओवलेली आहेत, आणि सुमारे २०० किलोमीटर पाण्यावर नौका सुखाने हिंडू शकतात. ही तळी देवाने केली असे लोक कित्येक शतके धरून चालले होते. १९५०च्या दशकात जॉयस लँबर्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीने तळाला ओळीने छिद्रे पाडून गाळाचे नमुने काढले, तेव्हा तळ्यांच्या कडा भिंतीसारख्या उभ्या आणि तळ ओट्यासारखे सपाट असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे या खाणी! मध्ययुगात त्या प्रांतात लाकूडफाट्याची टंचाई होती, म्हणून दलदलीत कुजून घट्ट झालेले पीट नावाचे जळण लोक पिढ्यानपिढ्या खणून नेत. पुढे समुद्राची पातळी चढली, चौदाव्या शतकात खड्डे पाण्याने भरले, आणि आपण खणले होते हेच लोक विसरले.

विसरले नाहीत ते कारकून. तेथल्या जुन्या जहागिरींच्या हिशेबवह्यांत पीटच्या विक्रीची बाब वर्षानुवर्षे रोडावत जाते आणि तिच्या जागी मासेमारीचे उत्पन्न दिसू लागते. कोण्या अनामिक इसमाने, बाहेर त्याच्या डोळ्यांदेखत जमीन बुडत असता, आत बसून "जळण : कमी, मासे : अधिक" एवढीच नोंद केली असेल. त्या इसमाविषयी मला जी आत्मीयता वाटली ती मी घरात बोलून दाखवली, तेव्हा सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "तुम्हीही तसंच केलं असतंत."

आता बापूसाहेब. आमचे हे मेहुणे मूळचे दाभोळचे, पण आठव्या वर्षीच दादरला गेले. तथापि लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून दाभोळपर्यंत आगबोटीने जाताना आपण एकदाही ओकलो नाही, या एकमेव दाखल्यावर त्यांनी आमच्या मोहिमेचे नाविक आधिपत्य स्वतःकडे घेतले. त्यांची पहिली मागणी वेगाची होती. "मोटरबोट म्हणजे कशी, पाणी कापत गेली पाहिजे!" नातवाचाही याला दुजोरा होता. चिरंजीवांनी मग तेथील जलमार्गांची नियमावली पाठवली, तीवरून असे निष्पन्न झाले की, बोटीच्या लाटांनी मऊ काठ ढासळू नयेत म्हणून जागोजाग ताशी तीन, चार, पाच किंवा फार तर सहा मैलांची मर्यादा घातलेली आहे. ताशी चार मैल म्हणजे आमचे शेजारी सकाळी पर्वतीकडे निघतात तो वेग, आणि त्यांना गुडघेदुखी आहे. शिवाय रस्त्यावर डावीकडून चालणारे हे इंग्रज पाण्यावर उजवीकडून चालतात. आणि समोरून शिडाची नौका वाऱ्याच्या विरुद्ध नागमोडी येऊ लागली तर इंजिनवाल्याने तिला वाट द्यायची, मग ती आपल्या नाकासमोरून तीनदा आडवी का जाईना. बापूसाहेबांनी हे सर्व वाचले, चष्मा काढला, आणि "म्हणजे बैलगाडीच की" असा अभिप्राय दिला.

त्यांच्या हृदयाला खरा धक्का बसला तो नांगराच्या बाबतीत. त्या तळ्यांचा तळ इतका चिखलाचा आहे की दातेरी नांगर तेथे निरुपयोगी. म्हणून बोटीच्या नाळेवर दोरीला बांधलेला एक लोखंडी गोळा ठेवलेला असतो, तो पाण्यात सोडायचा, आणि तो चिखलात रुतून बसला की झाले काम. त्याला मडवेट म्हणतात. चिरंजीवांनी छायाचित्र पाठवले होते. ते बापूसाहेबांनी लांब धरून पाहिले, जवळ धरून पाहिले, आणि म्हणाले, "हे भुसारी दुकानातलं वजन आहे. दाभोळच्या नाखव्याला दाखवलं तर तो मला बंदरात उतरू देणार नाही."

मार्ग आखण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. रॉक्सम गावाहून निघायचे, ब्यूर नदीने होर्निंगवरून रॅनवर्थला उतरून तेथल्या देवळाच्या मनोऱ्यावर चढायचे, अँट नदीचे मुख टाकून सेंट बेनेट्सच्या मठापाशी दुपारचे जेवण करायचे, थर्न नदीत वळायचे आणि पॉटर हाइअमचा पूल ओलांडून हिकलिंग या सर्वांत मोठ्या तळ्यात मुक्काम करायचा. हिकलिंगचे पाणी विस्तीर्ण, पण सरासरी खोली पाच फुटांच्या आतबाहेर. खुंट ठोकून दाखवलेली वाट सोडली की बोट चिखलात. "म्हणजे बुडण्याची भीती नाही," असे सूनबाईंनी समाधानाने म्हटले. मी सांगितले की बुडण्याची नाही, रुतण्याची आहे. बुडालेल्याचा पंचनामा एकदा होतो, रुतलेल्याचा दर तासाला.

मठाविषयी एक गोष्ट लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. आठव्या हेन्रीने इंग्लंडातले सगळे मठ खालसा केले, परंतु सेंट बेनेट्सचा मठ कागदोपत्री खालसा झालाच नाही. तेथील मठाधिपतीलाच राजाने नॉरिचचा बिशप नेमले. मठ ओस पडला, दगड लोकांनी नेले, महाद्वाराच्या आत पुढे कोणी पवनचक्की बांधली. तरी नॉरिचचा बिशप आजतागायत पदसिद्ध मठाधिपती आहे, आणि वर्षातून एकदा ऑगस्टात व्हेरी नावाच्या जुन्या मालवाहू शिडाच्या नौकेच्या नाळेवर उभा राहून त्या भग्नावशेषांत प्रार्थनेला येतो. अतिरिक्त कार्यभार मी पुष्कळ पाहिले, एक तर अकरा वर्षे मी स्वतः वाहिला. पण कचेरी पडून गेल्यावर पावणेपाचशे वर्षे चाललेला अतिरिक्त कार्यभार, आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही, हे पाहून मी चिरंजीवांना कळवले की हे ठिकाण कार्यक्रमातून कोणत्याही सबबीवर वगळू नये.

खरी मेख होती ती पॉटर हाइअमच्या पुलाची. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा दगडी पूल. मधली कमान इतकी बुटकी की भरतीच्या पाण्यावर मध्यभागी जेमतेम साडेसहा-सात फूट मोकळे राहतात, आणि कमानीचा आकार असल्याने मध्यापासून हातभर सरकले की तेवढेही नाही. भाड्याच्या बोटीने येथे सुकाणू पुलाच्या पायलटाच्या हाती दिलेच पाहिजे असा सक्त नियम आहे, आणि त्याने "नाही" म्हटले तर अपील नाही. आता बोट निवडायची ती एवढ्याशा कमानीखालून जाणारी हवी. सौभाग्यवतींना आत ताठ उभे राहून पोळ्या लाटता येतील अशी हवी. बापूसाहेबांना उघड्यावर सुकाणू हवे. नातवाला छतावर बसायला हवे. या चार अर्जदारांचे हितसंबंध परस्परविरोधी असल्याने मी तीन महिने सुनावण्या घेतल्या. अखेर झडप-छताची, पुढची काच पाडता येणारी एक बोट मुक्रर झाली. तिची पाण्यावरची उंची कमानीसाठी लागणाऱ्या सुटीसह सहा फूट सहा इंच होते. मी बोटवाल्यांना पत्र लिहून विचारले की ही उंची रिकाम्या बोटीची की भरलेल्या, कारण बोट जितकी जड तितकी खाली बसणार. आणि त्या हिशेबासाठी घरातील प्रत्येकाचे वजन मागवले. सूनबाईंनी ते द्यायचे सपशेल नाकारले. बोटवाल्यांचे उत्तर तर आलेच नाही, मात्र अनामत रकमेची पावती आली.

पूल म्हणजे भरती-ओहोटीचे वेळापत्रक. तिकडे सगळा हिशेब यार्मथ बंदराच्या वेळांवरून करतात, आणि गाव जितके आत तितके तास त्यात मिळवायचे. चिरंजीवांनी तक्ता पाठवला. मी फूटपट्टी घेऊन तो वहीत उतरवत असता सौभाग्यवती तांदूळ निवडत समोर बसल्या होत्या.

"पुलाच्या दिवशी तिथी कोणती?"

"एकादशी. पण तिथीचा येथे काय संबंध?"

"एकादशीला सव्वाआठची भरती," त्या म्हणाल्या. "तिथीची पाऊणपट. दाभोळला शेंबड्या पोरालाही येतं. तुमच्या तक्त्यात काय आहे?"

तक्त्यात निराळेच होते. बापूसाहेब हसले, "अगं, तो अरबी समुद्र, हा उत्तर समुद्र!" सौभाग्यवतींनी तांदूळ बाजूला ठेवले, माझ्या हातून पेन्सिल घेतली, दशमीचे मांडले, द्वादशीचे मांडले, त्रयोदशीचे मांडले, आणि दाभोळात व यार्मथात पडणारा फरक चारही दिवस थोड्या मिनिटांच्या आतबाहेर तोच असल्याचे दाखवून दिले. "एवढे तास बाजूला ठेवले की झालं. चंद्र काय इंग्रजांनी निराळा केलाय?" मी छापील तक्त्यावर तीन आठवडे काढले होते. ती पेन्सिलीची चिठ्ठी मी दप्तरात लावली. मात्र परिशिष्ट म्हणून.

बाकीची तयारी सांगण्यासारखी नाही. भाजणी, मेतकूट, लिंबाचे लोणचे आणि काळा मसाला एवढे घेऊन आम्ही तिघे जूनमध्ये नॉरिचला पोहोचलो, आणि नेमल्या दिवशी, नेमल्या वेळी रॉक्समहून निघालो, हे मी अभिमानाने नमूद करतो. पहिल्याच फोडणीला बोटीतल्या धोक्याच्या घंटीने एवढा आक्रोश मांडला की पाठीमागच्या दोन बोटी मदतीला आल्या. बापूसाहेबांनी मडवेट सोडले ते दोरीचे दुसरे टोक बांधण्यापूर्वी, त्यामुळे ते वजन हल्ली रॅनवर्थच्या चिखलात आहे आणि अनामत रकमेतला काही भाग त्याच्याबरोबर. मठ पाहिला, बिशप नव्हते, पण त्यांची गैरहजेरी नियमित आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ओहोटीच्या तळाला, माझ्या वेळापत्रकाबरहुकूम, आम्ही पॉटर हाइअमच्या पुलापुढे धक्क्याला लागलो. सकाळपासून उत्तरेचा वारा सुटला होता. नातू छतावरून उतरला, छत पाडले, काच पाडली, झेंड्याची काठी काढली, सूनबाईंनी सर्वांना डोकी खाली घालण्याची तालीम दिली. पायलट धिम्या पावलांनी आला. त्याने माझ्या वहीकडे पाहिले नाही. पुलाला लावलेल्या उंचीच्या पट्टीकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले, आणि मान हलवली. पट्टीवर सहा फूट चार इंच दिसत होते.

मी वही उघडून दाखवली. ओहोटी आहे, हे त्याला मान्य होते. त्याने नम्रपणे सांगितले की येथे भरती आणि ओहोटीत मुळातच वीतभर फरक. समुद्रावर उत्तरेचा वारा असला की यार्मथच्या तोंडातून पाणी बाहेरच पडत नाही, मग ओहोटी कागदावर होते आणि नदीत होत नाही.

"सकाळीच म्हटलं होतं मी," सौभाग्यवती आतून म्हणाल्या. "वारा असा असला की खाडी रिकामी होत नाही. पण तुम्ही फूटपट्टीत होतात."

"दोनच इंचांचा प्रश्न आहे," मी चिरंजीवांमार्फत विचारले, "बोटीत वजन वाढवले तर?" पायलटाची दृष्टी आमच्या मंडळींवरून फिरत फिरत बापूसाहेबांवर स्थिरावली, तेथे काही काळ राहिली, आणि त्याने पुन्हा मान हलवली, पण या वेळी विचार करून. बापूसाहेबांनी हा अपमान समजावा की गौरव, याचा निर्णय अद्याप लागलेला नाही.

संध्याकाळी नातू पुलावर जाऊन पलीकडचे पाणी पाहून आला. तेही असेच आहे म्हणाला. चहा झाला. मी रुमाल सोडला, रोजनिशी काढली, आणि रकाने भरले : पूल, नामंजूर, कारण, वारा, फेरअर्ज, उद्या. वेळेच्या रकान्यापाशी थांबलो.

"द्वादशी," सौभाग्यवती म्हणाल्या. "नवाची भरती धरा, आणि तुमचे ते तास बाजूला ठेवा. आणि लिहिण्याआधी बाहेर जाऊन झेंडा कुठे उडतोय ते बघा."

झेंड्याची काठी आम्ही काढून ठेवली होती. ती लावायला मी बापूसाहेबांना पाठवले.