तारांकित मास्तर

महाराष्ट्राच्या विधानसभेत 288 आमदार बसतात. त्यांतले बोलणारे पुष्कळ, प्रश्न विचारणारे त्याहून कमी आणि प्रश्न लिहिता येणारे बोटांवर मोजण्याइतके. मास्तर या शेवटच्या वर्गातले. ते स्वतः कधी निवडून आलेले नाहीत, येणारही नाहीत. ते आमदारसाहेबांचे पीए. आजवर दोन पक्षांचे तीन आमदार त्यांनी वापरले आहेत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही. पण उत्तर स्वतःला ठाऊक असेल तेच दुसऱ्याला विचारायचं आणि विचारताना चेहरा कोरा ठेवायचा, ही त्यांची सवय पाहून आमदार निवासातला कँटीनवाला त्यांना मास्तर म्हणू लागला. पुढे सगळेच म्हणू लागले.

सकाळी पेपर येतो तेव्हा मास्तरांच्या हातात चहाऐवजी कात्री असते. मुंबईची पानं ते उलगडतही नाहीत. त्यांना जिल्हा आवृत्ती लागते. आपण बातमी वाचून हळहळतो, मास्तर बातमीला क्रमांक देतात. पुलाचा कठडा कोसळल्याची बातमी वाचून वहिनी ‘अगंबाई’ म्हणेपर्यंत इकडे सुरू झालेलं असतं : (1) सदर पुलाचा कठडा कोसळला, हे खरे आहे काय, (2) असल्यास, या प्रकरणी चौकशी केली आहे काय, (3) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? घरात दूध उतू गेलं तरी हेच. मात्र तिथे वहिनी त्यांना पहिल्या भागापुढे जाऊ देत नाहीत.

नव्या पीएंना मास्तर पहिला धडा देतात तो तारखेचा. ‘‘कठडा 5 जूनला पडला असं लिहिलंस ना, तर मेलास. पेपरात 5 तारीख, पण पडला असेल 4 ला रात्री. मग उत्तर येतं : हे खरे नाही. आणि पहिलंच खरं नाही म्हटल्यावर पुढच्या तिन्हींना एकच ओळ : प्रश्न उद्भवत नाही. कठडा नदीत, टेम्पो नदीत, आणि तुझा प्रश्नही नदीत.’’ म्हणून मास्तरांच्या प्रत्येक प्रश्नात ‘माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान’ असतंच. त्या ‘वा त्यादरम्यान’वर त्यांचा विम्याच्या पॉलिसीपेक्षा अधिक भरवसा. आकड्यांचंही तसंच. बारा वर्गखोल्या गळतात असं ते लिहीत नाहीत, ‘अनेक’ लिहितात. कारण तेरावी गळत असली तरी बारा हा आकडा खोटा ठरतो आणि सगळ्या शाळा एका झटक्यात कोरड्या होतात.

दुसरा धडा संयमाचा. नियमाप्रमाणे प्रश्नात युक्तिवाद चालत नाही, तर्क चालत नाही, विशेषणं चालत नाहीत आणि उपरोधही चालत नाही. मराठी माणसाला उपरोधाशिवाय प्रश्न विचारायला लावणं हा लोकशाहीने त्याच्यावर केलेला मोठाच अन्याय. ‘‘मी पुण्याचा असतो तर माझा एकही प्रश्न स्वीकारला गेला नसता,’’ असं मास्तर म्हणतात. मूळ कच्च्या प्रश्नात मात्र ते सगळं लिहून घेतात. ठेकेदार कोणाचा मेहुणा, टक्केवारी किती, उद्घाटनाला नारळ कोणी फोडला, सगळं. मग लाल पेनने एकेक शब्द छाटतात. शेवटी उरतं ते इतकं निरुपद्रवी दिसतं, की खुद्द आमदारसाहेब विचारतात, ‘‘मास्तर, यात काही दम दिसत नाही हो.’’ मास्तर म्हणतात, ‘‘दिसायला नकोच, साहेब.’’

समोरून येणाऱ्या उत्तरांचाही त्यांचा दांडगा अभ्यास. ‘माहिती घेण्यात येत आहे’ म्हणजे माहिती आहे, पण सांगण्यासारखी नाही. ‘चौकशी सुरू आहे’ म्हणजे चौकशी अधिकाऱ्याची बदली झाली. ‘हे खरे नाही’ म्हणजे कुठेतरी एक शब्द चुकला, शोधा. सरळ ‘होय, हे खरे आहे’ आलं की मास्तर दचकतात. यात नक्की काहीतरी गोम आहे, असं त्यांना वाटतं. त्यांचा सगळ्यात आवडता जबाब म्हणजे ‘हे अंशतः खरे आहे’. तो आला की मास्तर त्या दिवशी कँटीनमध्ये शिरा मागवतात. कारण अंश कबूल झाला की उरलेलं काढायला उपप्रश्न आहेच.

उपप्रश्न हे मास्तरांचं दैवत. लेखी प्रश्न आधी पाठवलेला, लेखी उत्तर आधी छापलेलं; तिथवर सगळं कागदोपत्री. पण प्रश्नोत्तराच्या तासाला तारांकित प्रश्न पुकारला गेला, की मंत्र्याला उभं राहावं लागतं आणि मग जो उपप्रश्न येतो तो कोणत्याही फायलीत नसतो. ‘‘इंग्रजाला हे बरोबर कळत होतं,’’ मास्तर सांगतात. ‘‘1892 च्या कायद्याने त्याने आपल्या माणसांना कौन्सिलात प्रश्न विचारू दिले, पण उपप्रश्न नाही. तो द्यायला 1909 उजाडलं. आणि तोही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. सतरा वर्षं लागली साहेबाला, एवढी भीती!’’ मग मुंदडा प्रकरण येतंच. 1957 साली आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतले, लोकसभेत प्रश्न आला, सरकारने गुळमुळीत उत्तर दिलं. पुढे सत्ताधारी बाकांवरचेच, पंतप्रधानांचे जावई फिरोझ गांधी त्या प्रकरणाच्या मागे लागले, न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली, आणि 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी पायउतार झाले. ‘‘सगळं कशामुळे? एका गुळमुळीत उत्तरामुळे,’’ असं म्हणून मास्तर चष्मा पुसतात.

2005 चा विषय मात्र ते काढू देत नाहीत. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल त्या वर्षी डिसेंबरात अकरा खासदारांची खासदारकी गेली. तेव्हापासून गावाकडचा कोणीही उठतो आणि ‘‘मास्तर, सध्या तारांकिताला काय भाव चाललाय?’’ म्हणून डोळा मारतो. मास्तरांचा भाव एकच : प्रश्न पुकारला जाईल तेव्हा साहेब सभागृहात हवेत. तेवढंच त्यांना अनेकदा मिळत नाही. प्रश्न यादीत वर लागावा म्हणून देव पाण्यात ठेवलेले असतात, आणि नेमकी आदल्या रात्री ठेकेदाराची गाडी साहेबांच्या दारात लागते आणि सकाळी साहेबांचा घसा बसतो.

घसा शाबूत असला तरी धोका टळत नाही. सकाळी छापील उत्तरं हातात पडली, की मास्तर जाड अक्षरात तीन उपप्रश्न चिठ्ठीवर लिहून देतात. साहेब उभे राहतात, चिठ्ठी खिशातच राहते आणि साहेब सुरू होतात, ‘‘अध्यक्ष महोदय, हा अतिशय गंभीर विषय आहे. माझ्या मतदारसंघातली जनता…’’ वर प्रेक्षक गॅलरीत मास्तरांचे ओठ हलत असतात : प्रश्न, प्रश्न, प्रश्न. अध्यक्षही तेच म्हणतात, ‘‘भाषण नको, प्रश्न विचारा.’’ मग मंत्री उठतात. ‘‘सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला आहे,’’ हे वाक्य आलं की मास्तर वही मिटतात. स्तुती झाली म्हणजे काम होणार नाही. शासन सकारात्मक आहे, तपासून घेतो, अधिवेशन संपायच्या आत बैठक लावतो. तेवढ्यात चार सदस्य उठतात आणि आपल्याही मतदारसंघात असंच असल्याचं सांगतात. तास संपतो.

पण एकदा जमलं. प्रश्न एका गावच्या पाण्याच्या टाकीचा होता. टाकी बांधून उभी, योजना पूर्ण झाल्याचा दाखला तयार, गावात टँकर सुरू. छापील उत्तर आलं : हे अंशतः खरे आहे, योजना पूर्ण झाली असून उन्हाळ्यात टंचाई जाणवते. मास्तरांनी शिरा खाल्ला आणि चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली. त्या दिवशी साहेबांचा घसा खरोखरच बसला होता, त्यामुळे भाषण शक्य नव्हतं. त्यांनी चिठ्ठी जशीच्या तशी वाचली : ‘‘या टाकीत पाणी शेवटचं कधी चढलं?’’

मंत्र्यांनी अधिकारी गॅलरीकडे पाहिलं. तिथे चार माना खाली गेल्या, फायली उलटल्या, एक चिठ्ठी शिपायाच्या हातून घाईघाईने मंत्र्यांपर्यंत आली. मंत्र्यांनी ती उघडली आणि मोठ्याने वाचली, ‘‘माहिती घेऊन सभागृहाला सांगतो, असे म्हणावे.’’

सभागृह खदखदून हसलं. पत्रकार गॅलरीत आम्हीही हसलो. हसले नाहीत ते दोघंच : वर मास्तर, आणि अधिकारी गॅलरीत ती चिठ्ठी लिहिणारे कक्ष अधिकारी.

या दोघांची ओळख जुनी, पण कागदावरची. वर्षानुवर्षं एक प्रश्न लिहितो, दुसरा उत्तर लिहितो. बोलतात मात्र आमदार आणि मंत्री. समोरासमोर गाठ पडली ती हिवाळी अधिवेशनात, नागपुरात, विधान भवनाजवळच्या चहाच्या टपरीवर. टाकी प्रकरणाला तेव्हा काही महिने झाले होते.

‘‘पाणी चढलं का हो?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘चढलं होतं. पाहणीच्या दिवशी,’’ कक्ष अधिकारी म्हणाले. ‘‘पंपाचं वीजबिल कोणी भरायचं हे ठरलेलं नाही, मास्तर. ग्रामपंचायत म्हणते आमच्याकडे नाही, आम्ही प्रस्ताव वर पाठवला, तो तीनदा परत आला. चौथ्यांदा मांडायची माझी हिंमत नाही.’’

‘‘मग?’’

‘‘तुम्ही विचारा ना. बिल कोण भरणार, एवढंच. मंत्री एकदा सभागृहात बोलले की ते आश्वासन होतं. मग आश्वासन समितीचं पत्र येतं, आणि पत्र आलं की माझी फाईल कोणी परत पाठवत नाही.’’

मास्तर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्याच्या एकेका शब्दावर त्यांनी संशय घेतला, तो माणूस आपल्याच खात्याला प्रश्न विचारायला सांगत होता. आणि तेही उत्तर आधी हातात देऊन.

‘‘पण लेखी उत्तर काय द्याल?’’ मास्तरांची खोड जाईना.

‘‘होय, हे खरे आहे.’’

‘‘गोम काय त्यात?’’

‘‘काही नाही हो. खरंच आहे ते.’’

मास्तरांनी खिशातून लाल पेन काढलं, पेपरच्या कडेला ‘पाण्याच्या टाकीच्या पंपाचे वीजबिल माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान थकीत असल्याचे’ इतकं लिहिलं आणि थांबून विचारलं, ‘‘अतारांकित टाकू? लवकर उरकेल.’’

‘‘छे छे, तारांकितच टाका,’’ कक्ष अधिकारी चहाचे पैसे देत म्हणाले. ‘‘अतारांकितावर मंत्री नुसती सही करतात. तारांकिताला त्यांना उभं राहावं लागतं. आणि तुमच्या साहेबांचा घसा तेवढा बसवून ठेवा.’’